बॅटरीवाल्या काकांची चूक

काकांच्या एकाही शर्टाचं पोट शाबूत नव्हतं. शर्ट पांढरे, घरी धुतलेले, कडक इस्त्री केलेले. पण बेंबीच्या आसपास नुसती चाळणी. बॅटरीतलं अ‍ॅसिड उडायचं आणि दोन धुण्यांत त्या जागी भोक पडायचं. काकूंनी आधी रफू करून पाहिलं, मग नाद सोडला. मी एकदा म्हटलं, "काका, खाकी का नाही घालत? सगळे मिस्त्री खाकीच घालतात."

"खाकीवाल्यापाशी लोक बिडी पेत पेत येते, सिस्टर," ते म्हणाले. "पांढऱ्या शर्टावाल्यापाशी येताना इझवते. अन् चार्जिंगले लागलेल्या बॅटरीतून ग्यास निघते. एक ठिनगी पडली तं शर्ट काय, पोटच राहत नाई."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मध्य प्रदेशातल्या सौसरच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले आणि राहायला जागा शोधू लागले. एकट्या बाईला, त्यातून आमच्या समाजाच्या, खोली मिळणं सोपं नव्हतं. ‘विचारून सांगतो’ असं म्हणणारे पुन्हा भेटत नसत. शेवटी कुणीतरी नागपूर रोडवरच्या बॅटरीवाल्याचं घर दाखवलं. पुढे दुकान, मागे घर, घराला लागून एक खोली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. मी जयभीम केला. काकांनी जयभीम घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "रेडिओ बॅटरीवर चालते का लाइनवर?"

त्यांच्या शर्टाच्या खिशात, लोक पेन ठेवतात तिथे, एक काचेची नळी असायची. वर रबराचा फुगा, आत तरंगणारा काटा. बॅटरीतलं पाणी तिच्यात ओढायचं आणि काटा किती वर तरंगतो ते पाहायचं, म्हणजे बॅटरी किती भरली आहे ते कळतं. माझ्या खिशात थर्मामीटर, त्यांच्या खिशात ती नळी. "तुमची नळी ताप सांगते," ते म्हणत, "माही उपास सांगते." नळीत पाहताना मात्र ते कुणाशी बोलत नसत. तहसीलदार उभे असले तरी नाही.

बॅटरी खराब झाली म्हणून कुणी आलं की त्यांना राग यायचा. "कोनं सांगतलं?" हा त्यांचा ठरलेला सवाल. लोकांना वाटायचं, गाडीतली वीज बॅटरी तयार करते. काका दहा वेळा तेच समजावत, "बॅटरी कमावत नाई, बाप्पा. बॅटरी सांभाळते. कमावते थो डायनामो. इंजन फिरते, पट्टा डायनामोले फिरवते, डायनामो बॅटरीले भरते. तुमचा पट्टा ढिला, अन् तुम्ही बॅटरीले शिव्या देऊन राहिले."

ढिला पट्टा त्यांना कानानेच कळायचा. जेवता जेवता रस्त्यावरून एखादी जीप किंचाळत गेली की हातातला घास तसाच ठेवून ते ओरडत, "पट्टा!" एकदा शेजारच्या म्हाताऱ्याच्या मौतीला आम्ही सगळे गेलो होतो. म्हाताऱ्याचा मुलगा मेटाडोर घेऊन पांढुर्ण्याहून पोचला आणि रडत रडत उतरला. काकांनी त्याला मिठीत घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मग हळूच सांगितलं, "वापस जायच्या आधी पट्टा टाइट करून घेजो." मुलगा रडता रडता मान हलवत होता. काकू नंतर चार दिवस त्यांच्याशी नीट बोलल्या नाहीत.

आमचे डॉक्टरसाहेब जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे. त्यांची छोटी पेट्रोल गाडी होती आणि ती दर पंधरवड्याला सकाळी बंद पडायची. त्यांनी नवी बॅटरी मागितली. काकांनी दिली नाही.

"साहेब, रोज गाडी किती चालवता?"

"घर से अस्पताल."

"म्हंजे दोन फर्लांग. स्टार्टर एका घोटात गटागटा पेते अन् डायनामो थेंब थेंब भरते. दवाखाना येईस्तोवर जेवढं पेलं तेवढं भरतच नाई. गाडी बिमार नाई साहेब, तुम्ही तिले उपाशी ठेवून राहिले. रोज संध्याकाळी मोहगावले जाऊन या. आठ दिवस."

अशी ते गावं लिहून द्यायचे, औषधासारखी. बॅटरी थोडी उतरली असेल तर बोरगाव. जास्त उतरली असेल तर रामाकोना. अगदीच गेली असेल तर थेट पांढुर्णा आणि वापस. डॉक्टरसाहेब कुरकुरत मोहगावला जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांना रस्त्यात थांबवून आजारी लेकरू दाखवलं. आठ दिवस संपले, बॅटरी सुधारली, आणि तरीही डॉक्टरसाहेब आठवड्यातून एकदा मोहगावला जातच राहिले, कारण आता तिथे लोक वाट पाहत बसायचे.

डायनामो नीट भरतो की नाही हे पाहायची काकांची एक पद्धत होती. तरुणपणी पांढुर्ण्याला ट्रकच्या गॅरेजमध्ये शिकलेली. गाडी चालू ठेवायची आणि चालू इंजिनावर बॅटरीची केबल सरळ उपटून काढायची. इंजिन चालत राहिलं तर डायनामो चांगला, त्याच्याच विजेवर गाडी चालते आहे. बंद पडलं तर डायनामोत खोट. बघायला मोठी झकास गोष्ट. केबल हातात धरून काका असे उभे राहायचे की दुकानावर टेकलेली माणसंही बोलायची थांबत.

त्या वर्षी गाड्यांमध्ये एक नवी वस्तू दिसू लागली. डायनामोच्या जागी अल्टरनेटर. आकाराने लहान, वजनाने हलका, आणि इंजिन हळू फिरत असतानाही बॅटरी भरणारा. सौसरमध्ये तो पहिल्यांदा बसवून आणला टॅक्सीवाल्या शेषरावने, आपल्या जुन्या पेट्रोल गाडीला, नागपुरातून. दोनच महिन्यांत तो काकांकडे आला. "मिस्त्री, पाहून द्या ना जी. बराबर भरून राहिला का नाई?"

मी ड्यूटीवरून येत होते. काकांनी बॉनेट उघडलं, त्या नव्या वस्तूकडे पाहिलं, आणि गाडी चालू ठेवून खटकन केबल काढली. इंजिन जरा थरथरलं, पण चालत राहिलं. काका हसले. केबल लावली.

"एक नंबर. जा."

शेषराव म्हणाला, "पन ही लाल बत्ती आता बारीकशी जळून राहिली जी. आधी नव्हती जळत."

"नवीन माल आहे. बसन आपल्या जागी."

तो गेला. काकांनी हात पुसले. मी आत जाऊन चहा ठेवला. त्या दोन मिनिटांत काय होऊन गेलं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

चार दिवसांनी, भादव्यातल्या एका दुपारी, रामाकोन्याकडच्या एका खेड्यातून बैलगाडीत घालून रामदास नावाच्या मजुराला दवाखान्यात आणलं. कापसावर कीड मारायचं औषध फवारत होता, उघड्या अंगाने, वारा तोंडावर घेऊन. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, छातीत घरघर. सोबत त्याची बायको आणि भाऊ. डॉक्टरसाहेबांनी इंजेक्शनं सुरू केली, पण ते म्हणाले, याला नागपूरला न्यावंच लागेल. दवाखान्याची जीप छिंदवाड्याला गेलेली. शेषरावची टॅक्सी बोलावली. रोगी मागच्या सीटवर घेतला, त्याचं डोकं बायकोच्या मांडीवर, मी पायाशी. हातात इंजेक्शनच्या काचेच्या अँप्युल्सचा डबा आणि रेफरची चिठ्ठी. दर पंधरा मिनिटांनी एक द्यायची आणि वेळ चिठ्ठीवर लिहायची, म्हणजे नागपूरच्या डॉक्टरांना कळेल किती औषध गेलं आहे.

शेषरावने चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

कुणीतरी सायकलवर दुकानात धावलं. पाच मिनिटांत काका आले, सायकलच्या कॅरिअरवर बॅटरी बांधलेली. ती बसवली, गाडी सुरू झाली. त्यांनी डॅशबोर्डवर पाहिलं. लाल बत्ती अजून तशीच बारीक जळत होती. त्यांनी कान लावला, अल्टरनेटरला हात लावला, पट्टा दाबून पाहिला. पट्टा चांगला होता. मग ते शेषरावकडे वळले.

"शेषराव, ही बत्ती कवापासून?"

"तुम्ही केबल काढली तवापासून जी. सांगतलं होतं ना."

काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "माह्या हातानंच मेला हा अल्टरनेटर," ते म्हणाले. "चार दिवसांपासून हे बॅटरीले भरूनच नाई राहिलं."

मी घाबरून विचारलं, "मग दुसरी गाडी?"

"दुसरी पाहाले टाइम आहे का तुमच्यापाशी?"

नव्हता. दुसरी भरलेली बॅटरीही नव्हती. सकाळपासून लाइन गेलेली, चार्जिंगला लावलेल्या सगळ्या अर्धवट. ही त्यातली बरी, पण म्हातारी आणि पाऊणच भरलेली. काका पुढच्या सीटवर रामदासच्या भावाला सरकवून बसले. "पेट्रोलची गाडी आहे. प्लगले ठिनगी लागते, अन् ठिनगीले बॅटरी. नुसत्या ठिनगीपुरती वापरली तं नागपूर येईन. हॉर्न नाई, बत्ती नाई. अन् शेषराव, गाडी बंद झाली नाई पाहिजे. एकदा बंद झाली तं पुन्हा लावाले हिच्यात जीव नाई."

निघता निघता त्यांनी मागचे ब्रेकचे बल्बही काढून खिशात टाकले. "ब्रेक मारला का हे पन पेते."

बोरगाव मागे पडलं आणि पाऊस कोसळला. समोरची काच पांढरी झाली. शेषरावचा हात वायपरच्या बटणाकडे गेला, तो काकांनी धरला. "थांब जरा." त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा उभा फाडला, दोन पट्ट्या केल्या, पावसात उतरून वायपरच्या दोन्ही बाजूंना बांधल्या आणि दोन्ही खिडक्यांतून आत घेतल्या. इंजिन शेषरावने पायाने चालू ठेवलं होतं. मग एक टोक शेषरावच्या उजव्या हातात, एक काकांच्या. हा ओढायचा, मग तो ओढायचा. वायपर इकडून तिकडे. हद्दीच्या नाक्यावर शिपायाने गाडी बंद करायला सांगितलं, तर काकांनी भिजलेलं डोकं बाहेर काढून हात जोडले, "साहेब, इंजन चालू राहू द्या, वाटलं तं मले खाली उतरवून घ्या." शिपायाने मागे वाकून रामदासकडे पाहिलं आणि नाक्याचा आडवा बांबू वर उचलला.

माझी मागे वेगळी लढाई चालली होती. मागच्या खिडक्या बंद, आभाळ काळं, गाडीत अंधार. पुढची वेळ झाली. मी अँप्युल फोडायला घेतली आणि खड्ड्यात गाडी आदळली. काच माझ्या हातातच चुरली. औषध माझ्या बोटांवरून खाली गेलं. दुसरी काढून सिरिंजमध्ये भरली, पण अंधारात शीर दिसत नव्हती. रामदासची घरघर वाढली होती. त्याची बायको माझ्याकडे बघत होती.

"काका, आतला दिवा लावा!"

"सिस्टर..."

"मला शीर दिसत नाही. लावा!"

"किती वेळ?"

"अर्धा मिनिट."

त्यांनी एका हाताने दुपट्टा ओढत दुसरा हात दिव्याच्या बटणावर ठेवला. "घ्या." आणि मोठ्याने आकडे म्हणू लागले. एक, दोन, तीन. त्या पिवळ्या उजेडात मला शीर सापडली. सव्वीसला मी "झालं" म्हटलं आणि दिवा गेला.

चिठ्ठीवर मी दोन इंजेक्शनांच्या वेळा लिहिल्या. फुटलेल्या अँप्युलचीही, जणू तीही रोग्याच्या अंगात गेली होती. का लिहिली, मला आजही नीट सांगता येत नाही. नवी नोकरी होती, बोटातून रक्त येत होतं, लाज वाटली. लिहून गेले.

आम्ही पोचलो. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं, रामदासला आत नेलं, आणि शेषरावने सवयीने चावी बंद केली. पुन्हा फिरवली तर टक् सुद्धा झालं नाही. काका फूटपाथवर बसले, हातात दुपट्ट्याची ओली पट्टी. मला म्हणाले, "तुम्ही जा आत. मी कोनाले तरी शोधतो, ज्याले हे नवीन समजते."

रामदास वाचला. दहा दिवसांनी चालत घरी गेला. काका मात्र घरी आले नाहीत. शेषरावच्या हाती त्यांनी काकूंना निरोप धाडला, "मी शिकाले राहिलो." वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी नागपुरातल्या एका दुकानात, आपल्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान मिस्त्र्याच्या हाताखाली, ते तीन आठवडे अल्टरनेटर उघडत आणि जोडत होते. परत आले ते आकृत्यांनी भरलेली वही घेऊन. ओट्यावर बसून त्यांनी शेषरावचा जळालेला अल्टरनेटर उघडला आणि मला दाखवला. आत बोराएवढे सहा दाणे होते. त्यांना डायोड म्हणतात. ते विजेला एकाच बाजूने जाऊ देतात. "चालू इंजनावर केबल काढली का विजेले जागा राहत नाई. बॅटरी झटका झेलते ना, थेच काढून घेतली मी. मंग झटका ह्याइच्यावर. दोन सेकंदात खलास. डायनामोले हे सहन होते, ह्याले नाई. अन् मी पाहून हसलो होतो, सिस्टर."

त्यांनी शेषरावला नवा अल्टरनेटर आपल्या हाताने बसवून दिला. पण गावाने तोवर वेगळीच गोष्ट तयार केली होती. मिस्त्रीने दुपट्ट्याने वायपर ओढत माणूस वाचवला! रामाकोन्याकडून लोक हार घेऊन आले. रामदास स्वतः आला, बायकोसोबत, पाया पडायला वाकला. काकांनी त्याला वर उचललं. "पाया पडू नको. माह्यामुळं तू रस्त्यात मेला असता."

"पन मेलो नाई ना जी," रामदास म्हणाला.

"मी केबल काढली म्हून गाडी बिघडली होती."

"मोठ्या मनाचा मानूस आहे," रामदासचा भाऊ लोकांना म्हणाला. "आपल्याच अंगावर घेऊन राहिला."

असंच होत राहिलं. ते जितकं सांगत तितकं लोकांना ते नम्रच वाटत. गावाने सत्कार ठेवला, त्याला ते गेले नाहीत, तर तेही नम्रपणातच गेलं. शेवटी वैतागून त्यांनी एका रविवारी दुकानाच्या भिंतीवर हिरव्या रंगाने, वाकड्या अक्षरांत लिहिलं: ‘चालू इंजनावर बॅटरीची केबल काढू नये. मी काढली होती. माणूस मरता मरता वाचला.’ येणारे-जाणारे हसत, चुकचुकत. पण मिस्त्री लोक थांबून वाचत. बोरगाव, मोहगाव, पार पांढुर्ण्याहून ते येऊन विचारू लागले, आणि काका प्रत्येकाला ते जळालेले सहा दाणे हातात देत.

त्या भिंतीच्या मागेच माझी खोली होती. रोज ड्यूटीवर जाताना मला ते वाचावं लागायचं. वर्षभर वाचलं. मग माझी पांढुर्ण्याला बदली झाली.

जायच्या दिवशी सामान बांधून झालं आणि मी दुकानात जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. ते नळीत पाहत होते, म्हणून मी थांबले. त्यांनी नळी खिशात ठेवल्यावर मी सगळं सांगितलं. फुटलेली अँप्युल, चिठ्ठीवर लिहिलेली खोटी वेळ, त्या आकड्यावर भरवसा ठेवून नागपूरच्या डॉक्टरांनी पुढचं औषध ठरवलं असेल तेही.

मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ द्या, वाचला ना माणूस.

"आनखी कोनाले सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"कुणालाच नाही. तुम्हालाच पहिल्यांदा."

"मले सांगून काय फायदा? मी बॅटरीवाला. मले थ्यातलं काय समजते? डॉक्टरसाहेबाले सांगा."

"आता? वर्ष झालं काका. मी तर आज जाते आहे."

"म्हून तं आजच."

मी दवाखान्यात गेले. डॉक्टरसाहेब ओपीडी संपवून हात धूत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी नळ बंद केला, टॉवेलने हात पुसले. मग म्हणाले, "अंधेरे में किसी से भी टूट सकती थी, सिस्टर. लिखना नहीं चाहिए था." रागावले नाहीत आणि समजूतही काढली नाही. जुनं रजिस्टर मागवलं, त्या दिवसाच्या नोंदीसमोर काय खरं झालं ते मला माझ्या हाताने लिहायला लावलं, खाली सही करायला लावली. मग त्यांनी आपली सही केली. त्याच दिवशी त्यांनी रोग्याबरोबर जाणाऱ्या पिशवीत एक टॉर्च आणि दोन जादा अँप्युल्स ठेवण्याची पद्धत लावून दिली. पांढुर्ण्याला मी हीच पद्धत सुरू केली, पण ते नंतर.

परत आले तेव्हा काका एका ट्रॅक्टरखाली होते. नुसते पाय दिसत होते.

"सांगतलं?" खालून आवाज आला.

"हो."

"मंग जेवून घ्या. पांढुर्ण्याच्या गाडीचा टाइम होऊन राहिला."

काकूंनी ताट वाढलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, कांदा. प्रवासाच्या दिवशी माझ्या घशाखाली कधी काही उतरत नाही. त्या दिवशी मी तीन भाकरी खाल्ल्या, आणि काकूंनी चौथी विचारली तेव्हा नाही म्हटलं नाही.